क्रियापद शेवटी: प्रीफिक्स आणि पोस्टफिक्स ऑपरेटर कागदावर शिकण्याची वाट

"तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडदाची डाळ वेगवेगळी भिजवा" हे वाक्य मराठी घरात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. आधी जिन्नस येतात, त्यांची मापे येतात, आणि त्यांचे नेमके काय करायचे हे सांगणारे क्रियापद सर्वांत शेवटी येते. ऐकणारा तोवर जिन्नस हाताशी जमवत राहतो आणि क्रियापद कानी पडताच कामाला लागतो. संगणकशास्त्रात जिला पोस्टफिक्स लेखनपद्धती म्हणतात ती एवढीच आहे, आणि म्हणून मराठी बोलणाऱ्या नवशिक्याने या विषयाची सुरुवात तिथूनच करावी असे माझे ठाम मत आहे.

परळमधील एका संध्याकाळच्या वर्गात मी नवख्यांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. कामावरून परस्पर येणारे, पुन्हा कल्याणची किंवा विरारची गाडी पकडायची असलेले विद्यार्थी प्रीफिक्स आणि पोस्टफिक्स हे शब्द दोन वेगळ्या ठिकाणी भेटले म्हणजे गोंधळतात. एकदा ते डेटा स्ट्रक्चरच्या पुस्तकात स्टॅकच्या प्रकरणात येतात आणि एकदा सी किंवा जावा शिकताना ++ या चिन्हाबरोबर येतात. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच असतो: चिन्ह कुठे लिहिले आहे, आणि त्या जागेमुळे काम कधी होते. पुढील पायऱ्या कागद आणि पेन्सिल घेऊन त्याच क्रमाने कराव्यात. संगणकाची गरज बरीच पुढे लागेल. लेखातील अंक आणि नावे देवनागरीत आहेत, प्रत्यक्ष यंत्रावर टंकताना मात्र अंक इंग्रजी (1, 2, 3 असे) घ्यावे लागतील.

पहिली पायरी: नावे पक्की करणे

"२ + ३" यात + हा ऑपरेटर आहे आणि २ व ३ हे त्याचे ऑपरंड आहेत, म्हणजे ज्यांच्यावर क्रिया होते ते घटक. ऑपरेटर दोन ऑपरंडांच्या मध्ये असेल तर ती इन्फिक्स पद्धत, आधी असेल तर प्रीफिक्स आणि नंतर असेल तर पोस्टफिक्स. शाळेच्या व्याकरणात हे आपण वेगळ्या नावांनी शिकलेलो आहोत. "बिनचूक" या शब्दातील "बिन" हा उपसर्ग शब्दाच्या पुढे, म्हणजे आधी, लागतो, तर "घराला" मधील "ला" हा प्रत्यय मागून लागतो. प्रीफिक्स म्हणजे उपसर्ग आणि पोस्टफिक्स म्हणजे प्रत्यय, एवढे लक्षात ठेवले तरी नावांची अदलाबदल होणार नाही.

त्याच वेळी प्रत्येक ऑपरेटरला किती ऑपरंड लागतात हेही विचारण्याची सवय लावून घ्यावी. बेरजेला दोन लागतात. "-५" मधील उणे चिन्हाला एकच लागतो. गणितात ५! असे लिहितो त्या क्रमगुणिताच्या चिन्हालाही एकच लागतो आणि ते मागे येते. एका ऑपरंडाच्या चिन्हाला युनरी आणि दोन ऑपरंडांच्या चिन्हाला बायनरी म्हणतात.

दुसरी पायरी: इन्फिक्सचे ओझे ओळखणे

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला "कंचेभागुबेव" हा शब्द पाठ असतो: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. हा शब्द आपल्याला का पाठ करावा लागला याचा विचार आपण सहसा करत नाही. इन्फिक्स पद्धतीत नुसत्या चिन्हांच्या जागेवरून क्रियांचा क्रम ठरत नाही. तो ठरवायला बाहेरून नियम आणावा लागतो, आणि नियम पुरला नाही की कंस घालावे लागतात.

शिवाय हा नियम अक्षरशः घेतला तर प्रोग्रॅमिंगमध्ये फसगत होते. १० - ४ + ३ यात बेरीज आधी म्हणून ४ + ३ करून घेतले तर उत्तर ३ येते, पण खरे उत्तर ९ आहे, कारण बेरीज आणि वजाबाकी समान अग्रक्रमाच्या आहेत आणि त्या डावीकडून उजवीकडे केल्या जातात. भागाकार आणि गुणाकार यांचेही तसेच आहे. सी भाषेत पूर्णांकांसाठी १२ * ६ / ४ लिहिले (* म्हणजे गुणिले, / म्हणजे भागिले) तर आधी ७२ होतात आणि मग १८ मिळतात. भागाकार आधी करायला गेलो, तर पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक टाकून दिला जात असल्याने ६ / ४ म्हणजे १ उरतो आणि उत्तर १२ येते. वहीवरच्या गणितात दोन्ही मार्गांनी १८ च आले असते, म्हणून ही चूक शाळेत कधी उघडी पडत नाही आणि नोकरीत पडते.

आता तीच वजाबाकी पोस्टफिक्समध्ये लिहून पाहावी. "दहातून चार वजा करा, त्यात तीन मिळवा" हे असे होते:

१० ४ - ३ +

आणि "चार व तीन यांची बेरीज दहातून वजा करा" हे असे होते:

१० ४ ३ + -

दोन वेगळे अर्थ, दोन वेगळी लेखने. अग्रक्रमाचा नियम लागला नाही आणि कंसही लागला नाही.

तिसरी पायरी: चळत रचून पोस्टफिक्स सोडवणे

इथे थोडे अधिक रेंगाळावे, कारण पुढचे सगळे या एका पायरीवर उभे आहे. खानावळीत धुतलेली ताटे एकावर एक रचून ठेवतात. नवे ताट वर ठेवले जाते आणि वाढण्यासाठी वरचेच उचलले जाते. अशा रचनेला आपल्याकडे चळत म्हणतात आणि संगणकशास्त्रात स्टॅक म्हणतात. वर ठेवणे म्हणजे पुश आणि वरून उचलणे म्हणजे पॉप. मधले ताट ओढायची परवानगी नाही.

पोस्टफिक्स सोडवण्याची रीत अशी: डावीकडून उजवीकडे वाचत जावे, संख्या आली की ती चळतीवर ठेवावी, बायनरी ऑपरेटर आला की वरच्या दोन संख्या उचलाव्यात, क्रिया करावी आणि उत्तर पुन्हा चळतीवर ठेवावे. वाचन संपल्यावर चळतीवर उरलेली एकमेव संख्या हे उत्तर.

उदाहरण गाडीवरचेच घेऊ. वीस रुपयांचे दोन वडापाव आणि दहा रुपयांचे तीन कटिंग घेतले, शंभराची नोट दिली, तर किती परत मिळतील? इन्फिक्समध्ये हे १०० - (२० * २ + १० * ३) असे लिहावे लागते. पोस्टफिक्समध्ये ते असे होते:

१०० २० २ * १० ३ * + -

आता चळत पाहू. डावीकडची संख्या तळाची आणि उजवीकडची सर्वांत वरची समजावी.

१०० वाचल्यावर: १००
२० वाचल्यावर: १०० २०
२ वाचल्यावर: १०० २० २
* वाचल्यावर: १०० ४०
१० वाचल्यावर: १०० ४० १०
३ वाचल्यावर: १०० ४० १० ३
* वाचल्यावर: १०० ४० ३०
+ वाचल्यावर: १०० ७०
- वाचल्यावर: ३०

तीस रुपये परत. गाडीवाला तोंडी हिशेब करताना "वीस दुणे चाळीस, दहा त्रिक तीस, सत्तर झाले, तीस घ्या" म्हणतो तेव्हा तो नेमका याच क्रमाने जातो: एक गुणाकार पुरा करून बाजूला ठेवतो, दुसरा पुरा करतो, मग दोन्ही मिळवतो आणि शेवटी शंभरातून वजा करतो. पाढ्यांच्या भाषेकडेही लक्ष द्यावे. "दहा त्रिक" यात गुणिले असा वेगळा शब्द नाही. "तीन" या संख्येचे "त्रिक" हे रूपच गुणाकाराची खूण घेऊन येते, आणि ती खूण दोन्ही संख्या सांगून झाल्यावरच पुरी होते. दुणे, त्रिक, चोक, पाचे ही रूपे लहानपणी घोकताना आपण पोस्टफिक्स गुणाकारच म्हणत होतो असे मला मनापासून वाटते.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक वजाबाकी आणि भागाकार यांत होते. चळतीवरून प्रथम जी संख्या हातात येते ती उजवा ऑपरंड असते आणि नंतर येणारी डावा. वरील शेवटच्या ओळीत आधी ७० उचलले जातात, मग १००, आणि क्रिया १०० - ७० अशी होते. उचलल्याच्या क्रमाने ७० - १०० केले तर उत्तर -३० येते. बेरीज आणि गुणाकार यांत क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, त्यामुळे नुसत्या बेरजांवर सराव करणाऱ्याला आपली चूक कळतच नाही. म्हणून सरावाच्या प्रत्येक उदाहरणात निदान एक वजाबाकी घ्यावी.

ही पद्धत वहीपुरती राहिलेली नाही. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा १९७२ सालचा एचपी-३५ हा खिशातला कॅल्क्युलेटर याच पद्धतीने चालत असे, आणि १९८१ साली आलेला एचपी-१२सी हा वित्तक्षेत्रातील कॅल्क्युलेटरही याच पद्धतीचा आहे. त्यावर "बरोबर" (=) या चिन्हाचे बटण नाही. संख्या वेगळ्या करण्यासाठी एंटर आहे. वरचा हिशेब त्यावर "१०० एंटर २० एंटर २ गुणिले १० एंटर ३ गुणिले अधिक वजा" असा होतो. त्याची चळत चारच संख्यांची असते, आणि आपल्या उदाहरणात चळत सर्वांत उंच झाली तेव्हा तिच्यावर १००, ४०, १० आणि ३ अशा चारच संख्या होत्या. चार्ल्स मूर यांची फोर्थ ही भाषा आणि छपाईच्या जगातली पोस्टस्क्रिप्ट ही भाषा याच घडणीच्या आहेत. जावाचा प्रोग्रॅम कंपाइल होऊन, म्हणजे यंत्रासाठी भाषांतरित होऊन, आज्ञांचे जे बाइटकोड बनते त्यातही आधी संख्या चळतीवर चढवण्याच्या आज्ञा येतात आणि मग बेरजेची आज्ञा येते. म्हणजे आपण इन्फिक्स लिहितो, आणि कंपाइलर ते आपल्यामागे पोस्टफिक्समध्ये नेऊन ठेवतो.

चौथी पायरी: प्रीफिक्स, म्हणजे आधी हुकूम मग माणसे

काळाच्या क्रमाने पाहिले तर प्रीफिक्स आधीची. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांना १९२४ साली कंसांविना तर्कविधाने लिहिण्याची ही कल्पना सुचली. त्यांच्या देशावरून तिला पोलिश नोटेशन म्हणतात, आणि तिच्या उलट असलेल्या पोस्टफिक्सला रिव्हर्स पोलिश. आपला हिशेब प्रीफिक्समध्ये असा:

- १०० + * २० २ * १० ३

हे हाताने सोडवताना उजवीकडून डावीकडे वाचावे, म्हणजे तीच चळत वापरता येते. फरक एवढाच की इथे प्रथम उचललेली संख्या हा डावा ऑपरंड असतो. ३ आणि १० चढतात, * त्यांचे ३० करतो. २ आणि २० चढतात, * त्यांचे ४० करतो. + मुळे ७० होतात. मग १०० चढतात आणि - मुळे १०० - ७० म्हणजे ३० उरतात.

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या लिस्प भाषेत हेच असे दिसते:

(- १०० (+ (* २० २) (* १० ३)))

प्रीफिक्सला कंस लागत नाहीत म्हटले आणि इथे तर कंसच कंस आहेत, अशी शंका वर्गात दरवेळी येते आणि ती रास्त आहे. कंस टाळता येतात ते प्रत्येक ऑपरेटरच्या ऑपरंडांची संख्या ठरलेली असेल तरच. लिस्पमध्ये (+ २ ३ ४ ५) असे हवे तितके ऑपरंड देता येतात, त्यामुळे यादी कुठे संपली हे सांगायला बंद होणारा कंस लागतो. तो अग्रक्रमासाठी नसून मोजणीसाठी असतो.

प्रीफिक्स आपल्याला परकी वाटत असली तरी कोणत्याही भाषेत फंक्शन बोलावताना आपण तीच वापरतो: बेरीज(२, ३) यात क्रियेचे नाव आधी आणि घटक नंतर. उलट यादी.उलटा() असे लिहिले तर वस्तू आधी आणि क्रिया नंतर, म्हणजे वळण पोस्टफिक्सचे. अशा क्रिया एकापुढे एक जोडत गेलो तर त्या डावीकडून उजवीकडे घडलेल्या क्रमानेच वाचता येतात. रस्ट भाषेत, एखादे काम पुरे होईपर्यंत थांबा असे सांगणारा अवेट हा शब्द नोव्हेंबर २०१९ मधील १.३९ या आवृत्तीपासून मागे लिहितात, जावास्क्रिप्टमध्ये तो पुढे लिहितात. क्रियांची लांब साखळी वाचताना मला रस्टची निवड अधिक सोयीची वाटते.

पाचवी पायरी: इन्फिक्सचे पोस्टफिक्स करणे

या कामाची रीत डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६१ मध्ये मांडली आणि तिला रेल्वेच्या शंटिंग यार्डाचे नाव मिळाले. मुंबईकराला हे चित्र वेगळे काढून दाखवावे लागत नाही. वाडीबंदरच्या यार्डात डबे बाजूच्या रुळावर घेऊन त्यांचा क्रम बदलताना अनेकांनी गाडीच्या खिडकीतून पाहिलेले असते. सरळ रूळ हा उत्तराचा, आणि बाजूचा आंधळा रूळ ही ऑपरेटरांची चळत. आंधळ्या रुळावर शेवटी गेलेला डबाच प्रथम बाहेर येऊ शकतो.

संख्या आली की ती थेट उत्तराच्या रुळावर जाते. ऑपरेटर आला की बाजूच्या रुळावरील सर्वांत अलीकडचा ऑपरेटर पाहावा. त्याचा अग्रक्रम नव्या ऑपरेटरएवढा किंवा त्याहून वरचा असेल तर त्याला उत्तरात पाठवावे, पुन्हा तपासावे, आणि तसा कोणी उरला नाही किंवा उघडा कंस लागला की थांबून नव्याला बाजूच्या रुळावर उभे करावे. उघडा कंस तसाच बाजूच्या रुळावर जातो. बंद कंस आला की उघडा कंस सापडेपर्यंतचे सगळे ऑपरेटर उत्तरात जातात आणि कंसांची जोडी टाकून दिली जाते. शेवटी बाजूच्या रुळावर जे उरेल ते क्रमाने उत्तरात सोडावे.

१०० - (२० * २ + १० * ३) घेऊन चालत जाऊ. १०० उत्तरात जातात, वजा बाजूला उभे राहते, त्याच्यापुढे उघडा कंस उभा राहतो. २० उत्तरात, * बाजूला, २ उत्तरात. आता + येतो. अलीकडचा * त्याच्याहून वरचा असल्याने * उत्तरात जातो, त्यानंतर उघडा कंस दिसतो म्हणून थांबतो आणि + बाजूला उभा राहतो. १० उत्तरात. पुढचा * हा + पेक्षा वरचा असल्याने कोणालाही न हलवता बाजूला उभा राहतो. ३ उत्तरात. बंद कंस येताच आधी * आणि मग + उत्तरात जातात व कंस नाहीसे होतात. शेवटी उरलेले वजा बाहेर येते. उत्तराच्या रुळावर १०० २० २ * १० ३ * + - तयार आहे. कंस गेले, पण त्यांनी सांगितलेला क्रम गेला नाही.

समान अग्रक्रम असताना जुन्याला आधी सोडण्याचा नियम डावीकडून केल्या जाणाऱ्या क्रियांसाठी आहे. घातांकाची क्रिया बहुतेक भाषांत उजवीकडून होते. पायथनमध्ये घातासाठी ** लिहितात, आणि २ ** ३ ** २ म्हणजे २ चा नववा घात, ५१२. अशा ऑपरेटरसाठी जुन्याचा अग्रक्रम नव्याहून निश्चितपणे वरचा असेल तरच त्याला सोडावे. समान असेल तर राहू द्यावे.

सहावी पायरी: ++ चे दोन चेहरे

आता विषयाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे येऊ. सी, सी++, जावा आणि जावास्क्रिप्ट या भाषांत क++ आणि ++क हे दोन्ही क या चलाची, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावाची, किंमत एकाने वाढवतात. फरक आहे तो त्या राशीची, म्हणजे क++ किंवा ++क या लेखनाची, स्वतःची किंमत काय येते यात. ++क आधी वाढवतो आणि वाढलेली किंमत हाती देतो. क++ जुनी किंमत हाती देतो आणि क मात्र वाढलेला राहतो.

क = ५; ख = क++; यानंतर ख मध्ये ५ आणि क मध्ये ६ असतात.
क = ५; ख = ++क; यानंतर दोन्हींत ६ असतात.

हे पाठ करण्यापेक्षा बँकेतले टोकनाचे यंत्र डोळ्यांपुढे आणावे. यंत्रात लिहिलेला आकडा "पुढच्या माणसाला द्यायचा क्रमांक" असेल, तर तुम्हाला तो आकडा देऊन यंत्राने स्वतःचा आकडा वाढवायचा, हे टोकन++. तोच आकडा "शेवटच्या माणसाला दिलेला क्रमांक" असेल, तर आधी वाढवून मग द्यायचा, हे ++टोकन. पहिल्या यंत्राची सुरुवात १ पासून करावी लागते आणि दुसऱ्याची ० पासून, मग दोघेही पहिल्या माणसाला १ हाच क्रमांक देतात. म्हणजे कोणते रूप वापरायचे हे आवडीवर सोडायचे नसते. त्या चलात साठवलेल्या आकड्याचा अर्थ काय हे आधी वाक्यात लिहून काढले की रूप आपोआप ठरते. माझ्या अनुभवात मोजणी एकाने कमीजास्त होऊन चुकलेले बहुतेक प्रोग्रॅम हे वाक्य न लिहिल्यामुळे चुकलेले असतात.

हे दोन्ही ऑपरेटर केन थॉम्पसन यांनी सीच्या आधीच्या बी या भाषेत आणले. ते पीडीपी-११ या संगणकाच्या सोयीसाठी बनवले असे अनेकदा सांगितले जाते, पण बी भाषा घडली तेव्हा पीडीपी-११ अस्तित्वातच नव्हता.

तेच काम ठरावीक वेळा पुन्हा करायला सांगणाऱ्या फॉर लूपच्या तिसऱ्या भागात क++ लिहिले काय किंवा ++क लिहिले काय, राशीची किंमत कोणी वापरत नसल्याने परिणाम एकच होतो. सी++ मध्ये मात्र इटरेटरसारख्या (यादीतल्या घटकांवरून एकेक करत सरकणाऱ्या) वस्तूंसाठी मागचे रूप लिहिले तर जुन्या स्थितीची एक प्रत जपून ठेवावी लागते, म्हणून तिथे सवयीने पुढचे रूप लिहिणे शहाणपणाचे आहे.

सातवी पायरी: खड्डे

एकाच विधानात एका चलाला दोनदा हात लावू नये. क = क++ हे विधान जावामध्ये क ला आहे तसेच ठेवते, कारण जुनी किंमत शेवटी पुन्हा क मध्ये लिहिली जाते. सी भाषेत याच विधानाला अनडिफाइन्ड बिहेव्हिअर म्हणतात, म्हणजे परिणाम काय व्हावा हे भाषेच्या प्रमाणग्रंथाने ठरवलेलेच नाही. क++ + ++क चे उत्तर सी मध्ये किती, असा प्रश्न परीक्षेत आला तर "हे विधान वैध अर्थाचे नाही" हेच त्याचे उत्तर आहे. एखाद्या यंत्रावर दिसलेला आकडा हे उत्तर नव्हे.

मागे लागणारे ऑपरेटर पुढे लागणाऱ्यांपेक्षा घट्ट चिकटतात, हा सी भाषेतला दुसरा महत्त्वाचा नियम आहे. ठ हा पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या एखाद्या घराचा पत्ता ठेवणारा चल, असेल तर *ठ म्हणजे त्या घरातली किंमत, आणि *ठ++ म्हणजे *(ठ++): ठ सध्या जिथे आहे तिथली किंमत मिळते आणि ठ पुढच्या घरावर सरकतो. घरातली किंमत वाढवायची असेल तर (*ठ)++ असेच लिहावे लागते. असाच चिकटपणा पायथनच्या -५ ** २ मध्ये दिसतो. घात उणे चिन्हापेक्षा घट्ट असल्याने उत्तर -२५ येते.

पायथनमध्ये ++ हा ऑपरेटरच नाही. क++ लिहिले तर चूक दाखवली जाते, पण ++क लिहिले तर काहीही तक्रार होत नाही आणि काहीही वाढत नाही, कारण ते +(+क) असे, दोन अधिक चिन्हे म्हणून वाचले जाते. सी वरून पायथनकडे येणाऱ्याने याची विशेष काळजी घ्यावी. गो भाषेत क++ हे केवळ स्वतंत्र विधान आहे, त्याची किंमत वापरता येत नाही आणि पुढचे रूप तर नाहीच. स्विफ्टने २०१६ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत दोन्ही रूपे काढून टाकली.

आठवी पायरी: दोन्ही धागे एकत्र

आता तिसऱ्या पायरीतली चळत यंत्रावर उतरवू. एक ॲरे, म्हणजे क्रमांक दिलेल्या घरांची रांग, घ्यावा आणि शेंडा नावाचा चल ठेवावा. त्याचा अर्थ वाक्यात लिहू: शेंडा म्हणजे पुढच्या रिकाम्या जागेचा क्रमांक, आणि सुरुवातीला तो ० असतो. मग ठेवणे आणि उचलणे असे होते (-- हे ++ सारखेच, फक्त एकाने कमी करणारे):

चळत[शेंडा++] = संख्या;
संख्या = चळत[--शेंडा];

ठेवताना आधी रिकाम्या जागेत लिहायचे आणि मग पुढे सरकायचे, म्हणून मागचे रूप. उचलताना आधी एक घर मागे यायचे, कारण शेंड्यावर काहीच नसते, आणि मग वाचायचे, म्हणून पुढचे रूप. शेंडा म्हणजे "शेवटच्या भरलेल्या जागेचा क्रमांक" असा अर्थ घेतला असता तर सुरुवात -१ पासून झाली असती आणि रूपे उलटली असती: ठेवताना ++शेंडा, उचलताना शेंडा--. दोन्ही लिहून चालवून पाहावेत.

बायनरी ऑपरेटर आल्यावर दोन वेळा उचलताना त्यांना वेगळ्या विधानांत उचलावे: आधी उजवा, मग डावा, आणि तिसऱ्या विधानात डावा - उजवा. चळत[--शेंडा] - चळत[--शेंडा] असे एका दमात लिहिण्याचा मोह होतो, आणि मग सातव्या पायरीचा पहिला खड्डा आणि तिसऱ्या पायरीची वजाबाकीची चूक दोन्ही एकदम भेटतात.

चालवण्याआधी राशी बरोबर लिहिली आहे का हे मोजणीने तपासता येते. शून्यापासून सुरू करावे, प्रत्येक संख्येला एक मिळवावा आणि प्रत्येक बायनरी ऑपरेटरला एक कमी करावा. मोजणी कोणत्याही ऑपरेटरनंतर १ च्या खाली गेली तर उचलायला संख्या पुरल्या नाहीत, आणि शेवटी १ पेक्षा जास्त उरली तर एखादा ऑपरेटर लिहायचा राहिला आहे.

राहिला प्रश्न उणे चिन्हाचा. ३ - -२ यात दोन सारखीच चिन्हे आहेत, पण पहिले बायनरी आहे आणि दुसरे युनरी. यार्डात वाचताना चिन्ह राशीच्या अगदी सुरुवातीला, उघड्या कंसानंतर किंवा दुसऱ्या ऑपरेटरनंतर आले तर ते युनरी समजावे आणि त्याला वेगळे नाव द्यावे, उदाहरणार्थ "ऋण". पुढे लागणाऱ्या ऑपरेटरचा ऑपरंड अजून यायचा असतो, म्हणून तो बाजूच्या रुळावर जाताना आधीच्या कोणालाही हलवत नाही. हा नियम घातला नाही तर बायनरी वजा आपली दुसरी संख्या येण्याआधीच बाहेर पडते. बरोबर केल्यास उत्तर ३ २ ऋण - असे येते. ते सोडवताना ऋण वरची एकच संख्या उचलतो आणि -२ परत ठेवतो, मग वजा ३ आणि -२ घेऊन ५ ठेवतो. मोजणीच्या तपासणीत ऋणसाठी काहीच मिळवू किंवा कमी करू नये. सरावासाठी (८ - ३) * (६ + -४) / २ हे आधी कागदावर आणि मग यंत्रावर करावे: पोस्टफिक्स ८ ३ - ६ ४ ऋण + * २ / असे यायला हवे आणि उत्तर ५.